स्टेशनजवळची खोली कोणत्या बाजूची?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

सुट्ट्यांचा हंगाम आला की प्रवासाच्या पानांवर एक सल्ला हमखास दिसतो : पहाटेची गाडी असेल तर स्टेशनजवळच उतरा. सल्ला योग्य आहे. पण त्यासोबत जी माहिती छापली जाते, म्हणजे हॉटेलचे नाव, दर आणि ‘स्टेशनपासून ५ मिनिटांवर’, तिच्यावरून तिथे रात्री झोप लागेल का हे कळत नाही. पहाटेची गाडी निवांतपणे गाठता येईल का, हेही कळत नाही. इमारतींमधला आवाज आणि कंपने हा आमच्या रोजच्या कामाचा विषय आहे. त्या अनुभवावरून आमचे ठाम मत असे की, अशा हॉटेलच्या बाबतीत मिनिटांपेक्षा बाजू महत्त्वाची असते : हॉटेल स्टेशनच्या कोणत्या बाजूला आहे आणि तुमच्या खोलीची खिडकी कोणत्या बाजूला उघडते.

आधी मिनिटांचा हिशेब. जाहिरातीतली मिनिटे मोजली जातात ती स्टेशनच्या सर्वांत जवळच्या दारापर्यंत. मोठ्या स्टेशनला अनेक दारे असतात आणि त्यातली काही रात्री बंद होतात. भुयारी मार्गांचेही तेच. लांब पल्ल्याची गाडी ४०० मीटर किंवा त्याहून लांब असू शकते. म्हणजे दारातून आत आल्यावर पादचारी पूल चढणे, उतरणे आणि आपल्या डब्यापर्यंत सामानासह चालणे यातच १०-१५ मिनिटे जाऊ शकतात. म्हणून बुकिंग करताना विचारायचे ते असे : ‘माझी गाडी अमुक फलाटावर लागते. पहाटे ४ वाजता त्या फलाटाकडे जाणारे कोणते दार उघडे असते आणि तुमच्या दारापासून तिथवरचा रस्ता उजेडाचा आहे का?’ रिसेप्शनवरच्या माणसाला याचे उत्तर चटकन देता आले नाही, तर ‘५ मिनिटे’ या आकड्यावर विसंबू नये.

आता आवाजाकडे येऊ. पुष्कळांचा समज असतो की आवाज म्हणजे धावत्या गाडीची धडधड. रुळावरून चाक फिरताना होणारा आवाज वेगावर अवलंबून असतो. वेग दुप्पट झाला तर तो साधारण ९ डेसिबलने वाढतो. थांबणारी गाडी फलाटाशी अगदी हळू येते, त्यामुळे फलाटाच्या मध्याशी हा आवाज त्रासदायक नसतो. तिथे त्रास होतो तो भोंग्याचा, ब्रेकच्या किंचाळीचा, ब्रेकमधून सुटणाऱ्या हवेच्या फुसकाऱ्याचा, उभ्या डिझेल इंजिनाच्या घरघरीचा आणि रात्रभर चालणाऱ्या उद्घोषणांचा.

खरी वाईट जागा म्हणजे फलाट संपतात तिथले टोक. एका मार्गाचे अनेक मार्ग होतात ते तिथे. प्रत्येक सांध्याजवळ, म्हणजे गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळते तिथे, रुळांच्या छेदात एक फट असते आणि गाडीचे प्रत्येक चाक त्या फटीवर आदळते. मार्ग तीव्र वळणाचा असेल तर चाक रुळावर आडवे घसरून कानठळ्या बसवणारी कर्कश शीळ निघते. शंटिंगही बहुधा याच भागात चालते आणि डबे जोडताना बसणारा धक्का लांबवर ऐकू जातो. नकाशात हॉटेल शोधताना फक्त स्टेशनची खूण पाहू नका. उपग्रहचित्र मोठे करून रुळांचे जाळे कुठे फाटते ते पाहा. त्या जाळ्याला लागून असलेले हॉटेल प्रवेशद्वारापासून लांब असले तरी जास्त गोंगाटाचे असते. हे एक चित्र दोन मिनिटे नीट पाहिले, तर शंभर अभिप्राय वाचून कळणार नाही ते कळते.

स्टेशन कोणत्या प्रकारचे, यानेही मोठा फरक पडतो. जिथे मार्ग संपतो अशा टर्मिनसच्या तोंडाशी असलेले हॉटेल तुलनेने शांत असते, कारण तिथे येणारी प्रत्येक गाडी हळू येऊन थांबते आणि न थांबता जाणारी मालगाडी असूच शकत नाही. उदाहरणार्थ, लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकाला लागून जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या वास्तुकाराने बांधलेले मिडलँड ग्रँड हॉटेल १८७३ मध्ये उघडले. हे हॉटेल टर्मिनसच्या तोंडाशी, रस्त्याकडे दर्शनी बाजू करून उभे आहे आणि रूळ त्याच्या मागे संपतात. याउलट, ज्या स्टेशनातून मार्ग आरपार पुढे जातो तिथे रात्री प्रवासी गाड्या विरळ झाल्या की मालगाड्यांना वाट मिळते. त्या थांबत नाहीत, लांब असतात आणि त्यांची कंपने जमिनीतून येतात. अशा स्टेशनजवळ दिवसा खोली पाहून रात्रीचा अंदाज येत नाही. रुळांची दुरुस्तीही बहुतेक ठिकाणी रात्रीच करतात, कारण तेव्हाच मार्ग रिकामा मिळतो.

मग रुळांच्या बाजूची खोली टाळली की झाले? नाही, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. स्टेशनसमोरच्या चौकाकडे तोंड असलेली खोली अनेकदा रुळांकडच्या खोलीपेक्षा वाईट निघते. गाडी येते आणि जाते, मध्ये शांतता असते. चौकात मात्र टॅक्सींचे हॉर्न, वाहने मागे घेताना वाजणारे गजर, पहाटेच्या माल उतरवणाऱ्या आणि कचरा उचलणाऱ्या गाड्या, फरशीवरून ओढल्या जाणाऱ्या चाकांच्या बॅगा यांना खंड नसतो. चांगली खोली म्हणजे जिला रूळही दिसत नाहीत आणि चौकही दिसत नाही, अशी मागची किंवा इमारतीच्या आतल्या अंगणाकडची खोली. हॉटेलचीच इमारत मध्ये आडवी आली की आवाज १० डेसिबल किंवा त्याहून जास्त उतरतो, आणि १० डेसिबल कमी झाले की कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. नुसते अंतर वाढवून इतका फायदा मिळवणे अवघड आहे. एका जागेवरून येणारा आवाज, उदाहरणार्थ भोंगा, अंतर दुप्पट झाल्यावर ६ डेसिबलने कमी होतो. लांबच लांब गाडीचा आवाज जवळच्या अंतरात फक्त ३ डेसिबलने. ५० मीटरवरचे हॉटेल सोडून १०० मीटरवरचे घेतले आणि खिडकी तशीच रुळांकडे राहिली, तर पदरात फार काही पडत नाही. मागच्या खोलीबाबत एकच सावधगिरी : आतल्या अंगणात स्वयंपाकघराचा धूर ओढणारा पंखा किंवा वातानुकूलनाची यंत्रे आहेत का, हे विचारून घ्यावे.

वरचा मजला मागून घेणे हा दुसरा लोकप्रिय उपाय. तो अर्धाच खरा आहे. फलाटांची छपरे, कुंपणाच्या भिंती, समोरच्या बुटक्या इमारती यांचा आडोसा खालच्या मजल्यांना मिळतो, वरच्यांना नाही. त्यामुळे पाचव्या मजल्यावर भोंगा दुसऱ्या मजल्यापेक्षा स्पष्ट ऐकू येऊ शकतो. कंपनांचे मात्र उलट असते. अमेरिकेच्या फेडरल ट्रान्झिट ॲडमिनिस्ट्रेशन या सार्वजनिक वाहतूक खात्याच्या मार्गदर्शिकेनुसार जमिनीतून येणारी कंपने पहिल्या पाच मजल्यांत दर मजल्याला सुमारे २ डेसिबलने आणि पुढच्या पाचांत सुमारे १ डेसिबलने घटतात. पण त्याच मार्गदर्शिकेत असेही आहे की स्लॅबच्या स्वतःच्या थरथरीमुळे ती सुमारे ६ डेसिबलने वाढू शकतात. मालगाडी जाताना टेबलावरच्या पेल्यातले पाणी थरथरले किंवा कपाटाचे दार खडखडले तर दोष कंपनांचा आहे. त्यावर खिडकीचा, पडद्याचा किंवा कानातल्या बोळ्यांचा काहीही उपयोग नाही. खोली बदलून रुळांपासून लांबची घ्यावी. जाता जाता आणखी एक : अग्निशमन दलाच्या साध्या शिड्या फार उंच पोहोचत नाहीत, म्हणून दुसरा ते सहावा मजला घ्यावा हा जुना सल्ला स्टेशनजवळही तितकाच लागू आहे.

खोलीत आवाज शिरतो तो मुख्यतः खिडकीतून, आणि काचेपेक्षा फटीतून. खिडकीच्या क्षेत्रफळाच्या फक्त १ टक्का फट राहिली तर काच कितीही भारी असली तरी खिडकी २० डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडवू शकत नाही. सरकत्या खिडक्यांची अडचण हीच आहे. त्यांच्या कडेला मऊ केसाळ पट्टी असते, तिच्यातून हवा जाते आणि हवेबरोबर आवाजही. बिजागरीवर उघडणारी, मूठ फिरवली की रबरी पट्टीवर घट्ट दाबली जाणारी खिडकी केव्हाही सरस. खोलीत शिरल्यावर पहिले काम म्हणजे मूठ शेवटपर्यंत फिरली आहे का, ते पाहणे. साफसफाई करताना ती बऱ्याचदा अर्धवट राहते. मग कागदाचा कपटा खिडकीच्या कडेत धरून खिडकी बंद करा आणि कपटा ओढा. सहज सरकून आला तर तिथे रबर दाबले जात नाही. चारही बाजूंना हे करून पाहा. बहुधा बिजागरीच्या विरुद्ध बाजूचा वरचा कोपरा सैल सापडतो. ओल्या हाताची पालथी बाजू कडेवरून फिरवली की झुळूकही लगेच जाणवते.

दुहेरी काच असल्याचे हॉटेलवाले अभिमानाने सांगतात. ती काच बहुतेक वेळा उष्णतेसाठी बसवलेली असते, आवाजासाठी नव्हे. ४ मिलिमीटरच्या दोन सारख्या काचा आणि मध्ये १२ मिलिमीटर हवा अशी रचना साध्या एकेरी काचेपेक्षा आवाजाच्या बाबतीत जेमतेमच सरस ठरते. कारण त्या दोन काचा आणि मधली हवा मिळून साधारण २०० ते २५० हर्ट्झच्या आसपास स्वतःच थरथरू लागतात, आणि इंजिनाच्या व रस्त्यावरच्या वाहनांच्या आवाजाचा मोठा भाग याच खालच्या पट्टीतला असतो. आवाजासाठी लागतात दोन वेगवेगळ्या जाडीच्या काचा, त्यातली एक मधे पातळ थर घातलेली लॅमिनेटेड, आणि जास्त अंतर. सर्वांत उत्तम म्हणजे जुन्या खिडकीच्या आत १०० ते २०० मिलिमीटर सोडून बसवलेली दुसरी स्वतंत्र खिडकी. खोलीला अशी जोडखिडकी असेल तर स्टेशनसमोरची खोलीही निःशंक घ्यावी. फोनवर ‘खिडकी ध्वनिरोधक आहे का’ असे विचारू नका, उत्तर नेहमी ‘हो’ येते. ‘खिडकी सरकती आहे की बिजागरीची? आत दुसरी खिडकी आहे का?’ असे विचारा.

यानंतरचा प्रश्न फारसे कोणी विचारत नाही आणि आमच्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे : खिडकी बंद ठेवल्यावर ताजी हवा कुठून येते? बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड सुमारे ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) असतो. लहान, हवा न खेळणाऱ्या बंद खोलीत दोन माणसे झोपली तर तीन-चार तासांत तो २००० च्या वर जातो. खोली कोंदट होते, डोके जड होते आणि पहाटे दोनला कोणीतरी उठून खिडकी किलकिली करतो. त्या क्षणी सगळी काच वाया जाते, कारण थोडीशी उघडी खिडकी जेमतेम १० ते १५ डेसिबल अडवते. साधा स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो, ताजी हवा आणत नाही. खिडकीत बसवलेला एसी तर भिंतीला पाडलेले भोकच असते, रस्त्याचा आवाज त्यातून सरळ आत येतो. बाथरूमचा पंखा हवा बाहेर टाकतो, पण तिच्या जागी येणारी हवा दाराखालच्या फटीतून, म्हणजे खोलीबाहेरच्या मार्गिकेतल्या (कॉरिडॉरमधल्या) आवाजासकट येते. छतातल्या वाहिनीतून ताजी हवा देणारे किंवा भिंतीत आवाज शोषणारे झरोके बसवलेले हॉटेल मिळाले, तर इतर उणिवा चालवून घ्याव्यात.

दाराकडचा आवाज रुळांच्या आवाजाइतकाच झोपमोड करतो. स्टेशनजवळच्या हॉटेलात पहाटे ३ ते ५ या वेळात माणसे निघत असतात. दारे आपटतात, बॅगांची चाके खडखडतात, लिफ्टची घंटी वाजते. लिफ्ट, जिना आणि नोकरांची खोली यांपासून दूरची खोली मागावी. शेजारच्या खोलीत उघडणारे मधले दार असलेली खोली घेऊ नये. ते दार भिंतीच्या मानाने फारच कमी आवाज अडवते. दाराखालच्या फटीला टॉवेलची घट्ट गुंडाळी लावली की मार्गिकेचा आवाज जाणवण्याइतका घटतो. ज्या खोलीत हवा फक्त तिथूनच येते, तिथे मात्र हे करू नये.

जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार झोपण्याच्या खोलीत सततचा आवाज ३० डेसिबल आणि मध्येच होणारा एखादा आवाज ४५ डेसिबलपेक्षा जास्त नसावा. रेल्वेच्या आवाजासाठी २०१८ च्या सूचनांत रात्रीची बाहेरची सरासरी मर्यादा ४४ डेसिबल आहे. स्टेशनजवळ प्रश्न सरासरीचा नसतो, शांततेतून अचानक उठणाऱ्या भोंग्याचा असतो. त्यात पहिली रात्र. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले की अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूचा डावा भाग उजव्यापेक्षा कमी गाढ झोपतो आणि अनोळखी आवाजांना जास्त सजग राहतो. स्टेशनजवळचा मुक्काम बहुधा एकाच रात्रीचा असतो, म्हणजे सगळा मुक्काम ‘पहिली रात्र’च. म्हणून पंख्याचा एकसारखा मंद आवाज उपयोगी पडतो. तो अचानक उठणाऱ्या आवाजाची धार बोथट करतो. एसीचा पंखा ‘ऑटो’वर ठेवू नका, एका ठरावीक वेगावर ठेवा, नाहीतर त्याचे बंद-चालू होणेच जागे करते.

कानात घालायचे फोमचे बोळे स्वस्त आणि गुणकारी आहेत, पण बहुतेक जण ते चुकीचे घालतात. बोळा दोन बोटांत वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, बोळा आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत, साधारण ३० सेकंद, बोटाने धरून ठेवायचा. अर्धा बाहेर दिसत असेल तर तो नीट बसलेला नाही. बोळे घालून आपला गजर ऐकू येतो का, ते झोपण्यापूर्वी तपासा, किंवा फोन कंपनावर ठेवून उशीखाली नव्हे तर उशीच्या अभ्र्याला लागून ठेवा.

मोबाइलवरच्या ध्वनिमापकाचे आकडे अचूक नसतात, पण तुलनेला चालतात. खिडकीत उभे राहून, ती उघडी असताना एक मिनिट आणि घट्ट बंद करून एक मिनिट मोजा. फरक ५-७ डेसिबलचाच आला तर खिडकीला फट आहे. सामान उघडण्याआधी हे करावे, म्हणजे खोली बदलून मागणे सोपे जाते. त्याच वेळी गादीच्या शिवणी आणि पलंगाच्या डोक्याकडची फळी टॉर्चने पाहावी. जिथे रोज नवे सामान येते तिथे ढेकूण येण्याची शक्यता जास्त, आणि शिवणीवरचे काळे ठिपके ही त्यांची पहिली खूण.

तारखेचाही एक घोटाळा इथे वारंवार होतो. गाडी १२ तारखेला रात्री १ वाजता पोहोचणार असेल तर खोली ११ तारखेची हवी. १२ तारखेचे बुकिंग केले तर दुपारपर्यंत खोली मिळणार नाही. बुकिंगसोबत गाडीचा क्रमांक आणि पोहोचण्याची वेळ लेखी कळवावी, नाहीतर मध्यरात्रीनंतर ‘आले नाहीत’ म्हणून खोली दुसऱ्याला दिली जाते. पहाटे निघायचे असेल तर बिल रात्रीच चुकते करावे आणि मुख्य दाराला त्या वेळी कुलूप असते का, ते विचारावे.

संपादक महाशय, आपल्याकडे विनंती एवढीच की प्रवासाच्या पानावर हॉटेलची माहिती छापताना दराशेजारी या चार गोष्टी द्याव्यात : हॉटेल स्टेशनच्या कोणत्या बाजूला आणि कोणत्या दाराजवळ आहे, किती खोल्या रूळ व चौक सोडून दुसरीकडे उघडतात, खिडक्या सरकत्या आहेत की बिजागरीच्या, आणि खिडकी बंद असताना ताज्या हवेची सोय काय आहे. हॉटेलचालकांनाही सांगावेसे वाटते की सगळ्या काचा बदलण्याआधी कडेची रबरे बदलून पाहा. ऊन आणि धुळीने ती काही वर्षांत कडक होतात आणि दाबली जाईनाशी होतात. रबर बदलणे, बिजागरी कसणे आणि खोल्यांच्या दारांना हळू बंद होणारे क्लोजर व दार लागताच खाली उतरून फट बुजवणारी पट्टी बसवणे हे काम खोली एक दिवस बंद ठेवून होते. एवढे झाल्यावरही आवाज राहिला, तरच आतल्या बाजूने दुसरी खिडकी बसवण्याचा खर्च काढावा, आणि तोही आधी सांध्यांकडे तोंड असलेल्या खोल्यांसाठी.

आपले विश्वासू,
इमारतींतील ध्वनी व कंपने या विषयात काम करणारे काही वाचक